पाणी ऊन करा

आणि तिनं चंचुपात्र उचललं, सर, व्हरांड्यात नेऊन उन्हात ठेवलं. नववीचा अख्खा वर्ग हसत सुटला. साखर गार पाण्यात लवकर विरघळते की तापलेल्या, एवढाच प्रयोग. पद्धत तुमचीच: एकीनं कृती लिहायची, दुसरीनं लिहिलंय तेवढंच करायचं. पहिलीनं लिहिलं होतं, ‘पाणी ऊन करा.’ ती ओरडली, “अगं येडे, ऊन म्हंजे तापव!” दुसरी ढिम्म. “तापव कुठं लिहिलंय? मी मशीन हाय.” मी म्हणाले, बरोबर आहे तिचं. मग फळ्यावर नवी कृती आली. स्पिरिटचा दिवा पेटवा. पन्नास अंश झाले का पाहा. नसतील तर थांबा, पुन्हा पाहा. हदगावच्या या शाळेत आता संगणकांची खोली आहे, तरी सुरुवात मी इथूनच करते.

लातूरला तुमच्या वर्गात मी शिकले, तिथं एकही संगणक नव्हता. तुम्ही म्हणायचात, “तो तुमच्यासारखाच. सांगितलं तेवढंच करतो, फक्त उलट बोलत न्हाई.” एकदा मी तापमापी धरून उभी आहे. तुम्ही विचारता, “झालं का?” मी आमच्या बोलीत सांगते, “करून राहिले, सर.” तुम्ही माझी प्रयोगवही मिटता. “करून राहिले म्हंजे काय? झालं, का न्हाई झालं? दोनच उत्तरं हायत.” सगळ्यांसमोर मला रडू येतं.

शेवटच्या आजारात तुमचा फोन आला. आवाज फार बारीक. “येतीस का?” मी म्हणाले, “येऊन राहिले, सर.” या वेळी तुम्ही पुढं काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या घरून काकूंनी तुम्ही गेल्याचं कळवलं. म्हणाल्या, गाडीची वेळ झाली की दाराकडं बघायचे. मी त्यांना सांगितलं, नांदेडपर्यंत आले होते, पुढची गाडी मिळाली नाही. बारा वर्षं झाली, काकू अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, पोर बिचारी अर्ध्या वाटेवरून परतली. सर, मी निघालेच नव्हते. पेपर तपासायचे होते असं स्वतःला सांगत आले, तेही खरं नाही. तुम्हाला अंथरुणाला खिळलेलं पाहायची हिंमत नव्हती. उद्या रविवार. काकूंना हे सांगायचं की नाही, ते अजून ठरत नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं लातूरला गेले. सरांना लिहिलेलं हे पत्र घरीच ठेवलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांना खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भाजी बाजूला सारली, आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.