मंडईत अडलेलं इंजिन

बाबा, तुमचं इंजिन आज चाललं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना कागद अर्धवट राहील असं वाटतं. तशी मला सगळ्याचीच भीती वाटते. आत्ताही इंजिनाखालचा स्पिरिटचा दिवा नीट विझला की नाही, ते उठून उठून बघून आलो. शाळा सातवीतच सुटली, त्यामुळे अक्षरातल्या चुका मनावर घेऊ नका. तुम्ही मनावर घेतलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे.

मोहाडीच्या राइस मिलमध्ये तुम्ही फिटर होता आणि मी तुमच्या हाताखाली. लग्न झालेला बाप्या होतो, तरी मिलमध्ये सगळ्यांदेखत तुमची थापड खायचो. सेठने कोंड्यावर चालणारं वाफेचं मोठं इंजिन बंद करून विजेची मोटर बसवली, तेव्हापासून तुम्ही घरात कोणाशी धड बोलला नाहीत. भंडाऱ्याहून पाण्याच्या फुटक्या हंड्या-गुंडांचं पितळ आणलंत आणि हातभर लांबीचं रेल्वेचं इंजिन घडवायला बसलात. त्याला हात लावायची मला मुभा नव्हती. दसऱ्याच्या आधी ते अंगणात फळीवरच्या रुळांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलं, आणि तुम्ही हसलात. आईसुद्धा घाबरून तुमच्याकडे बघत राहिली, इतकं ते हसणं आमच्या सवयीचं नव्हतं.

दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत पान्हे, हातोडे, कानशी यांच्याबरोबर पाटावर तेही मांडलं. आईकडून तेलाची वाटी घेऊन तुम्ही त्याच्या चाकांना, दांड्याला, दट्ट्याच्या नळीतसुद्धा तेल सोडलंत. ‘पी बापा, पोटभर पी,’ म्हणालात. आपल्या घरात तेल म्हणजे जवसाचं. मग गंज चढू नये म्हणून ते पेटीत घालून चुलीमागच्या कोरड्या जागेत ठेवलं. पेटीला कुलूप नव्हतं. तुमचा धाक पुरेसा होता.

दिवाळी झाली, गावाची मंडई, वर्षाची जत्रा, भरली. एकीकडे दंडारीच्या नाचाची ढोलकी, एकीकडे जिलेबीच्या कढया, पाहुण्यांची गर्दी, आणि मध्ये तुम्ही फळी मांडून बसलात. सेठ खुर्ची टाकून समोर. ‘हे चाललं तं मोठंही पुन्हा बसवू, फिटर,’ असं तो गमतीत बोलून गेला होता. तुम्ही ते खरं धरलं होतं. पाणी उकळतं, शिट्टी वाजते, लोक टाळ्या पिटतात. चाकं दोन हिसके देतात आणि थांबतात. बाजूने नुसती वाफ फुसफुसते. तुम्ही बोटाने ढकलता, ते वीतभर सरकतं, पुन्हा अडतं. गर्दीतून कोणीतरी ओरडतो, ‘फिटरबुवा, बैल जुपा इंजिनले!’ सगळी मंडई हसते. सेठही हसतो. तुम्ही त्यांच्यातल्या कोणाकडेच बघत नाही. माझ्याकडे बघता.

‘काहून हात लावला बे?’

‘म्या नाही लावला, बाबा.’

‘खोटं बोलून राहिला?’

पान्हा माझ्या तोंडावर बसला. दात तिथेच मातीत पडला, दंडारीची ढोलकी थांबली. मग मानेला धरून तुम्ही मला घरापर्यंत फरफटत आणलंत. ‘हात शिवशिवते तुहा? आण तो हात!’ आई मध्ये पडली, ‘सोडा जी, मरन तो!’ तुम्ही तिला असं ढकललंत की बांगड्या फुटून काचा तिच्या मनगटात घुसल्या. माझा उजवा पंजा ऐरणीवर दाबून तुम्ही हातोडा मारलात. दोन बोटं तेव्हापासून वाकडीच आहेत. माझी बायको दारात उभी होती. त्यानंतर तुम्ही इंजिनाला कधी हात लावला नाही, आणि खाटेवर पडलात तेव्हा मला एवढंच म्हणालात, ‘त्या पेटीले हात नोको लावू.’ म्हणजे मरेपर्यंत तुम्ही मलाच चोर समजत गेलात.

आता घराचे कवेलू काढून टिन टाकायला घेतलं, तेव्हा पेटी बाहेर निघाली. काल पाणी भरलं, वात बदलली. चाकं उचलून, दांडा सोडवून फिरवली, मोकळी होती. आग होती, वाफ होती, तरी दोन हिसके आणि बंद, थेट मंडईतल्यासारखं. आज सकाळी पुन्हा तेच. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. इंजिन ऐरणीवर आडवं घातलं, तुम्ही माझा पंजा घातला होता तसं, आणि हातोडा उचलला.

‘फोडून टाका जी एकदाचं,’ बायको म्हणाली. ‘मामाजीच्या माघारी तरी त्यायचा पिच्छा सोडा.’ मग तिने वाकून दट्ट्याचा दांडा चाचपला. बोटाला पिवळट, लाखेसारखं काहीतरी लागलं. ‘हे तं माह्या जवसाच्या बाटलीच्या बुचावानी झालं. तेल वाळलं का मेलं असंच धरून बसते.’

मला पूजेची वाटी आठवली. चुलीमागची ऊब आठवली. हातोडा मी भिंतीवर असा फेकला की पोपडा खाली आला. तुम्ही पाजलं होतं, बाबा. तुम्हीच पाजलं होतं! मी इतक्या मोठ्याने ओरडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली. समोर असता तर मी काय केलं असतं, ते लिहवत नाही.

मग दट्ट्या सोडवला, धुण्याच्या सोड्यात उकळला, चिंधीने घासला, ट्रॅक्टरच्या गिअरचं जाड तेल घातलं. वाकड्या बोटांनी स्क्रू धरवत नव्हते, बायकोने धरले. इंजिन अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. बायको टाळ्या वाजवत होती. मी तुमच्या खाटेच्या जागेकडे बघत होतो.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि असती तरी माझी छाती झाली नसती. एक गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. इंजिन निवल्यावर पेटीत ठेवताना मी धोतराच्या सोग्याने ते सगळं पुसून काढलं, पितळेवर माझ्या बोटांचा एकही ठसा दिसू नये म्हणून.