अख्खं मोलम्याईन रविवारी जन्मलं

आदरणीय ऊ थेत ल्विन मामांच्या पायांशी,

भाच्याने तीनदा कपाळ जमिनीला टेकवून केलेला नमस्कार पावावा. गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी पानतंबाखू सोडल्याचं ऐकून आनंद झाला (तुम्ही सोडल्याचं ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता). इकडे आई ठीक आहे, मांजर ठीक आहे आणि मी कालपासून ठीक आहे. आईने तुम्हाला फोनवर "ने लिनचं लग्न मोडलं" एवढंच सांगून रडायला सुरुवात केली आणि तेवढ्यात लाइन गेली, म्हणून तुम्ही काळजीत असाल. काळजी सोडा. लग्न मोडलं होतं हे खरं, पण ते काल सकाळी पुन्हा जुळलं. कसं ते जरा सविस्तर लिहितो, कारण फोनवर सांगायला गेलो की आई मधे बोलते.

त्याचं असं झालं, की इथे मोलम्याईन शहरात डोंगरावरच्या पॅगोड्याच्या विश्वस्तांनी यंदा ताबाऊंग महिन्याच्या पौर्णिमेची नावनोंदणी इंटरनेटवर करायचं ठरवलं. फुलं-पाणी वाहताना दरवर्षी जी रेटारेटी होते ती टाळायची. ज्याने त्याने टोकन घेऊन आपल्या जन्मवाराच्या प्राण्याच्या कोपऱ्यात ठरल्या वेळी जायचं. काम मला मिळालं. (वुट यीच्या आईने, म्हणजे दॉ च्यींनी, मला होकार दिला तो याच कामाच्या जोरावर. त्याआधी त्या माझा उल्लेख "दिवसभर खुर्चीत बसतो तो" असा करायच्या.) पानावर नाव, पत्ता आणि जन्मवार विचारायचा. वारासाठी ड्रॉपडाऊन, म्हणजे बाण दाबला की खाली उलगडते ती यादी. असल्या याद्या मी झोपेतही भरतो. कॉम्प्युटरमध्ये आठवडा तयारच असतो. तो उचलला आणि यादीत ओतला.

आता तुम्ही हसणार. तो आठवडा सात वारांचा आणि आपला आठ वारांचा! बुधवार दुपारी संपतो आणि त्यानंतर त्या दिवशी जन्मलेले सगळे राहूचे, हे मला बोबडं बोलत होतो तेव्हापासून माहीत आहे. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं राहूची. पण खुर्चीत बसलं की माझं डोकं परदेशी होतं त्याला काय करू? विश्वस्तांचे अध्यक्ष ऊ यान शिन नेमके राहूचे. सगळ्यांसमोर त्यांनी जुन्या नोंदवहीतून आणलेली स्वतःची नोंद उघडायला सांगितली, आणि पान कोसळलं. वर लाल अक्षरांत सूचना: निवडलेला वार यादीत अस्तित्वात नाही. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"म्हणजे मी जन्मलोच नाही?" ते म्हणाले. "सगळं आयुष्य राहूच्या बिनसुळ्यांच्या हत्तीला फुलं वाहिली, आणि हा दीडशहाणा म्हणतो मी यादीत नाही!"

मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. राहू यादीत घातला, आणि पुन्हा कुणाचा वार सुटू नये म्हणून पान जेव्हा जेव्हा उघडेल तेव्हा तेव्हा यादी नव्याने भरायची, असं लिहून ठेवलं. यातली गोम अशी की आपण "पाठवा" हे बटण दाबतो ना, तेव्हाही कॉम्प्युटरच्या लेखी पान पुन्हा उघडतंच. म्हणजे माणसाने गुरुवार निवडला, बटण दाबलं, की त्याची निवड कुणी वाचायच्या आतच जुनी यादी पुसली जाते आणि कोरी भरली जाते. कोऱ्या यादीत कुणी काही निवडलेलं नसतं, म्हणून पहिला वार धरायचा. आणि पहिला वार रविवार. (चहाच्या दुकानात तुम्ही काहीही मागवा, वाढप्याने आत जाताना सगळं विसरावं आणि प्रत्येकाला मोहिंग्याच्या शेवयांची वाटीच आणून द्यावी, तसा प्रकार.) हे सगळं मला आता कळतंय. त्या वेळी मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेलो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मोठ्या ऐटीत दॉ च्यींकडे गेलो. त्यांनी भिजवलेल्या चहापानांची कोशिंबीर पुढे ठेवली आणि मी खिशातून माझं टोकन काढून त्यांच्या हातात दिलं, म्हटलं बघा होणाऱ्या जावयाचं काम. त्यांनी ते लांब धरून वाचलं, आणि माझ्यापुढची शेंगदाण्यांची वाटी उचलून घेतली.

"रविवार?"

मी पाहिलं. रविवारच होता.

"माझी पोर बुधवार सकाळची," त्या म्हणाल्या. "रविवार आणि बुधवार एका घरात म्हणजे रोज भांडी फुटणार. आम्हाला तर शनिवार सांगितलात!"

"शनिवारच आहे, मावशी. नावावरून कळत नाही का? न हे अक्षर शनिवारचं."

"नावाचं मला नको सांगूस. आमच्या शेजाऱ्याने नशीब फिरावं म्हणून तीनदा नाव बदललं, अजून तिथेच बसलाय. हे कॉम्प्युटरने सांगितलंय. आणि कॉम्प्युटरला शिकवलं कुणी? तूच ना?"

मामा, मी असा कात्रीत कधी सापडलो नव्हतो. माझं काम बरोबर म्हणावं तर मी रविवारचा, म्हणजे वुट यी गेली. काम चुकलं म्हणावं तर ज्या जोरावर होकार मिळाला तो जोरच गेला, म्हणजे वुट यी गेलीच. आतल्या पडद्याखालून वुट यीची पावलं दिसत होती. ती जागची हलली नाहीत. घरी आलो. वाटलं, माझाच हात चुकला असेल. नोंद उघडून शनिवार निवडला, बटण दाबलं, रविवार. पुन्हा शनिवार, पुन्हा रविवार. शेवटी मला माझ्याच जन्माबद्दल शंका येऊ लागली आणि तेवढ्यात वीज गेली. अंधारात बसून मी सरळ रडलो. वुट यीशिवाय मला दुसरं काही नकोच आहे, हे मला तेव्हा नीट कळलं. आईने ते पाहिलं आणि तुम्हाला फोन लावला.

काल सकाळी मी हट्टाने शनिवारच्या नागापाशी फुलं घेऊन गेलो. तिथे मी एकटा! जुन्या नोंदवहीतली थोडी म्हातारी माणसं सोडली तर सगळे कोपरे ओस, बिनसुळ्यांच्या हत्तीजवळ एक कुत्रं झोपलेलं, आणि ईशान्येला रविवारच्या गरुडाच्या कोपऱ्यात अख्खं मोलम्याईन. टोकनावर छापलंय म्हणून माणसं निमूट रांगेत. एक आजी डोळे पुसत होत्या, की आईने मला जन्मभर फसवलं. एक जण बायकोला सांगत होता, "म्हणूनच आपलं पटत नाही!" त्या गर्दीकडे बघता बघता माझी चूक मला लख्ख दिसली, आणि मामा, स्वतःची चूक दिसून इतका आनंद होतो हे मला माहीत नव्हतं. मी अनवाणी धावत गेलो, ऊ यान शिनच्या हातातला कर्णा ओढला आणि ओरडलो, "चूक माझी आहे! तुम्ही कुणीही रविवारचे नाही!" (जे खरोखर रविवारचे होते ते अंगावर आले.)

दॉ च्यी सोमवारच्या वाघाकडून सावकाश चालत आल्या.

"म्हणजे काम तुझं चुकलं."

"हो, मावशी."

"आणि तू शनिवारचा."

"हो, मावशी."

"मग ठीक आहे. काम उद्या दुरुस्त होईल. वार झाला नसता."

माझा जीव भांड्यात पडला. यादी फक्त पहिल्यांदा पान उघडताना भरायची, एवढी एकच अट घालायची होती. ती काल संध्याकाळी घातली. ऊ यान शिन अजून बोलत नाहीत, पण त्यांची नोंद न कोसळता उघडते.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळत जा.

तुमचा भाचा,
ने लिन ठिक

ता. क. : दॉ च्यी गुरुवारी बहिणीकडे बागोला येत आहेत आणि तुमच्याकडे डोकावणार आहेत. माझ्या जन्माच्या वेळी आईखेरीज घरात तुम्हीच होता. त्यांनी विचारलं तर शनिवार म्हणायचं. पत्र लिहिलं ते खरं तर एवढ्याचसाठी, बाकीचं ओघात आलं.

ता. क. २ : पत्र आईला वाचून दाखवलं. तिने मांजराला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मध्यरात्रीच्या सुमाराला झालास तू. दिवे गेले होते. बारा वाजायचेत, अजून शनिवारच आहे, असं तुझा मामा म्हणाला, पण त्याच्या हातात घड्याळ होतं की नाही, मला आठवत नाही." मामा, घड्याळ होतं ना? नसलं तर मला कळवू नका.

ता. क. ३ : हे सगळं वुट यीला सांगून टाकलं. ती खूप हसली. मग म्हणाली, की काल सकाळी ती तिच्या बुधवारच्या सुळेवाल्या हत्तीपाशी गेलीच नव्हती. मी टोकनाप्रमाणे गरुडापाशी येईन म्हणून फुलं घेऊन त्या रेटारेटीत उभी होती. म्हणजे मी रविवारचा आहे असं समजूनही ती आली होती, आणि मी मूर्ख तिकडे नागापाशी! तेव्हापासून मला कुठल्याच वाराची भीती वाटत नाही. तुम्हाला जे खरं आठवत असेल ते दॉ च्यींना खुशाल सांगा. (शनिवार आठवा.)