टाकीवालं यान

३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.,

डॉक्टरांनी तुझा प्रवास बंद केला, म्हणजे यंदा तुझं येणं नाही. दरवर्षी तूच येतेस, माझी खोली झाडतेस, भांडतेस नि जातेस. आता इथे पाय ठेवायला जागा नाही. लवकर बरी हो, नाहीतर उंदीर मलाच बाहेर काढतील.

आमच्या दुर्बिणीला दोन यानं कशाला, असं विचारलंस. तीव्र क्ष-किरण आरशाला जेमतेम घासून वळतात आणि फार लांब जाऊन एकत्र येतात. तेवढी लांब नळी वर नेणार कोण? म्हणून आरसा एका यानावर, कॅमेरा दुसऱ्यावर. आरशाचं यान आपल्याच तंद्रीत जातं. कॅमेऱ्याच्या यानाने मागे मागे राहून अंतर सांभाळायचं. इंधनाची टाकी त्याच्याकडेच. चुकलं की चित्र पुसट.

भावोजींना नमस्कार. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

१९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं. मला अक्षरं नाचताना दिसतात. आपल्या दोघांत टाकीवालं यान कोण, हे काय सांगायला हवं? आई गेल्यापासून तुझ्या मागे मागे मीच फिरतेय.

आता खरं सांगते. हे दुखणं बरं होणारं नाही. डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात. मला भीती वाटते रे, आणि तुला बघावंसं वाटतं. या खेपेला तू ये. खोली राहू दे तशीच.

तुझ्यावर जीव असलेली,
ताई

७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. येतोच. पण टाकी तळाला गेलीय. शेवटचं इंधन यानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना लांब करायला राखावं लागतं. त्याआधी एकच निरीक्षण जमेल, आणि त्या ताऱ्यासाठी मी किती वर्षं दुर्बिणीचा वेळ मागत होतो, तुला ठाऊक आहे. महिनाअखेरीस संपेल, की लगेच निघतो. उन्हाळ्याला अवकाश आहे.

तोवर सांभाळ, माझ्यासाठी.

ठोंब्या

२४ मार्च

चि. ठोंब्यास, आशीर्वाद.

फोन दोनदा लावून ठेवून दिला, म्हणून लिहितोय. तुझी ताई काल सकाळी गेली. महिनाअखेर किती लांब, असं रोज विचारायची. मग गेल्या आठवड्यात म्हणाली, तो कामात अडकलाय, आपणच जाऊ. उठून बसवत नव्हतं, तरी माझ्याकडून पिशवी भरून घेतली. तिचे कपडे, औषधं आणि तुझ्या खोलीसाठी नवा झाडू. दांडा बाहेर येतो म्हणून मलाच बोल लावले.

पिशवी दाराशीच आहे. रिकामी करायला माझा हात धजत नाही. तू जेवत जा वेळेवर.

तुझे,
भावोजी

२८ मार्च

ती. भावोजींस, सा. न. वि. वि.,

निरीक्षण अर्धवट सोडलं. काल माझ्याच हाताने दोन्ही यानं लांब केली. चित्र कसलंच उमटलं नाही. हे तीन आठवड्यांपूर्वी करता आलं असतं, आणि मी केलं नाही.

पत्राआधी मीच पोचेन बहुधा, तरी लिहितोय. पिशवी रिकामी करू नका. मी निघालोय.

ठोंब्या