उजव्या खिशातले चिंचोके

बाई,

हे पत्र लिहिण्याचे कारण एक काकडी आहे. हे वाक्य मी तुमच्यासमोर उच्चारले असते, तर तुम्ही चष्मा वर सरकवून "बोला मास्तर, पुढे बोला" म्हणाला असता. म्हणून ते खोडत नाही. तुम्हांला जाऊन चाळीसहून अधिक वर्षे झाली. मीही आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. जी एक गोष्ट शिकवण्यासाठी तुम्ही मला दीड वर्ष सांभाळून घेतलेत, ती गेल्या गुरुवारी पारनेरात, एका बुटक्या स्टुलावर बसून, मला एकदाची जमली. तुमच्याखेरीज हे कोणाला सांगावे, ते सुचत नाही.

तुमची नगरची शाळा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. भाड्याच्या बंगल्यातल्या चार खोल्या आणि मागचे अंगण. अडीच वर्षांच्या बाळांपासून चौथीपर्यंतची मुले तेथे एकत्र वावरत. घंटा नाही, छडी नाही, फळ्याकडे तोंड करून बसलेल्या रांगा नाहीत. ज्याला जे काम करावेसे वाटे, ते त्याने फडताळातून घ्यावे, आसनावर मांडावे, मन भरेपर्यंत करावे आणि जागच्या जागी ठेवावे. एक शेतकरी पालक फाटकाशी उभे राहून कुरकुरले होते, "बाई, पोराला शाळंत घातलंय, भांडी घासायला न्हाई." तुम्ही शांतपणे विचारलेत, "मग घरी घासू देता का त्याला?" ते हसले आणि गेले. मी मात्र मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. मी बावीस वर्षांचा होतो, मराठी घेऊन बी. ए. झालो होतो, आणि शिकवणे म्हणजे चूक दिसताक्षणी ती दुरुस्त करणे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चार वर्षांची एक मुलगी तीन दिवस एकच तांब्या चिंचेने घासत होती. घासायची, धुवायची, उन्हात धरून पाहायची, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चौथ्या दिवशी मला राहवले नाही. मी तो तिच्या हातातून घेतला, दोन मिनिटांत लखलखीत केला आणि म्हणालो, "हे बघ, असा घासायचा." तिने तांब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, हात धुतले आणि भिंतीला पाठ लावून बसली. आठवडाभर ती त्या कोपऱ्याकडे फिरकली नाही. तुम्ही मुलांदेखत मला काही बोलला नाहीत. शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरात बोलावून चहा दिलात आणि म्हणालात, "मास्तर, मला तांब्या स्वच्छ हवा असता, तर मी मोलकरीण ठेवली असती. तिचं काम तुम्ही संपवून टाकलंत. आता तिनं काय करावं?" ओट्यावर एका ताटलीत चिंचेतून निघालेले चिंचोके वाळत पडले होते. त्यांतले पंधरा मोजून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेत. "हे डाव्या खिशात असू द्या. मुलाच्या कामात हात किंवा तोंड घातलंत, की एक उजव्या खिशात टाकायचा. संध्याकाळी मला दाखवायचे. शिक्षा काही नाही."

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपूर्वीच डावा खिसा रिकामा झाला. तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात, "अहो, उद्यापासून पिशवीच देऊ का?" पण पंधरवड्यात माझे चिंचोके दोनतीनांवर आले आणि तुमचा आनंद लपेना. पुढे मी कोपरगावच्या हायस्कुलात अर्ज केला, तेव्हा तुम्ही शिफारसपत्रात लिहिलेत, "या शिक्षकाने स्वतःला आवरण्याची विद्या साध्य केली आहे." त्या पत्राने मला ती नोकरी मिळाली. तेथे मी चौतीस वर्षे मराठी शिकवले. माझे विद्यार्थी शुद्ध लिहितात, याचा मला अभिमान होता आणि आहे. तो मी मागे घेत नाही. मात्र माझा मुलगा फोनवर माझ्याशी कधी तीन वाक्यांहून अधिक बोलला नाही. मी त्याला मितभाषी समजत आलो.

पत्नी गेल्यावर मी त्याच्याकडे पारनेरला राहायला आलो. माझी नात सहा वर्षांची आहे. गावाबाहेर एक खाजगी शाळा निघाली आहे, तिच्यात ती अडीच वर्षांची असल्यापासून जाते, आणि चौथीपर्यंत तेथेच राहणार आहे. तिला पहिल्यांदा सोडायला गेलो, तेव्हा ते फडताळ, ती आसने पाहून मला तुमचीच आठवण झाली, तरीही मुलाला मी म्हणालो, "ही शाळा नव्हे, हा खेळ आहे." नात दुपारी धावत येई, दप्तर टाकी आणि सुरू होई, "आबा, आज आमी लई मज्जा केली!" मी म्हणे, आमी नव्हे, आम्ही, लई नव्हे, खूप. ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी, मी पुन्हा अडवी. काही दिवसांनी ती दप्तर ठेवून थेट स्वयंपाकघरात आईकडे जाऊ लागली. आतून तिचे बोलणे ऐकू येई. मी दारात उभा राहिलो, की ते थांबे. मी विचारले, तर "काही नाही" एवढेच, आणि तेही निर्दोष मराठीत.

एके दिवशी सून भाजी निवडता निवडता म्हणाली, "आबा, एक सांगू? रागावू नका. ती तुमच्यापाशी बोलायची थांबलीय. तुमचा मुलगा म्हणतो, तोही लहानपणी असाच थांबला होता." त्या वाक्यात दुरुस्त करण्याजोगे काहीच नव्हते.

त्या शाळेत अशी प्रथा आहे, की प्रत्येक मुलाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने एकदा येऊन तासभर वर्गात नुसते बसावे. गुरुवारी माझी पाळी होती. निघताना मी सुनेच्या बरणीतले पंधरा चिंचोके मोजून डाव्या खिशात टाकले. दारातच तिथल्या मावशींनी बजावले, "आजोबा, हितं बसा. अन् बोलायचं न्हाई बरं का, लेकरं कामात हायेत." मी बसतो. नात मला पाहते आणि मान खाली घालते. तिच्यापुढे पाट, बोथट सुरी आणि एक काकडी. ती फोडी करू लागते: एक बोटभर जाड, दुसरी कागदासारखी. काकडी निसटून घरंगळते. ती उठते, काकडी धुऊन आणते, पुन्हा बसते. मग मिठाची वाटी घेते आणि भली मोठी चिमूट घालते. "अगं, पुरे!" माझ्या अगदी जिभेवर येते. मी खिशातले चिंचोके मुठीत आवळून धरतो.

अर्ध्या तासाने ती ताटली घेऊन सगळ्यांपुढे फिरू लागली. एक मुलगा म्हणाला, "मला नको, जाड हाय." ही म्हणाली, "मग बारकी घे की." मावशींना दिली, शिकवणाऱ्या ताईंना दिली. ताटलीत एकच फोड उरली आणि नात खोलीच्या मध्यभागी थांबली. बाई, आयुष्यात मी अनेक परीक्षांचे निकाल लावले. स्वतःच्या निकालाची अशी धास्ती कधी घेतली नव्हती. ती आली. "आबा, ही तुम्ही घ्या. मीठ लई झालंय."

मीठ खरोखरच अति झाले होते. मी ती फोड संपवली आणि हळूच म्हणालो, "झालंय खरं. मग आता काय करायचं?"

"पुढच्या टायमाला चिमटी बारकी घ्यायची," ती म्हणाली आणि माझ्या स्टुलाला टेकून खाली बसली. घरी येताना वाटभर बोलत होती. त्या बोलण्यातल्या चुका मला सगळ्या ऐकू आल्या; कान काही बदललेला नाही. पण छातीवरचे ओझे उतरले होते. घराशी आल्यावर तिने विचारले, "आबा, खिशात काय वाजतंय?" मी तिला तुमची गोष्ट सांगितली. अर्धीच सांगितली.

उरलेली तुम्हांला सांगायची आहे. ते दोनतीन चिंचोके खरे नव्हते. तुमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर थांबून मी उजव्या खिशातले मूठभर पुन्हा डाव्या खिशात टाकत असे. ते शिफारसपत्र मी तसेच मिळवले, आणि तुम्ही असेपर्यंत हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

आज रविवार. नात दिवसभर घरीच होती. आत्ता खिसे रिकामे करून टेबलावर मोजले. उजव्या खिशात सहा निघाले, बाई. खरे सहा.