राहिलेली आंघोळ

दादर,
गुरुवार

ती. आईस संजनाचा नमस्कार.

वर श्री लिहिलेलं नाही. शेजारच्या अल्पेशचा फोन धर्मशाळेत आला, तेव्हा बाबा गेले हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. रविवारीच तर चांदीपहून येऊन मला शिराळी देऊन गेले होते. ती अजून तशीच आहेत.

माझी काळजी करू नकोस. कॅन्सरची गाठ काढल्यावर आता किरण देतात, इथे सगळे त्याला लाईट म्हणतात. काहीच दुखत नाही. हात डोक्यावर घेऊन निजायचं, सगळे बाहेर जातात, यंत्र घरघरतं आणि थोड्या वेळात संपतं. कातडी उन्हानं रापल्यासारखी काळवंडली आहे. थकवाही येतो, पण तो येणारच असं डॉक्टर म्हणाले. मध्ये खंड पाडायचा नाही, म्हणून दहाव्याला येता येणार नाही. काकी बोलतील, बोलू दे.

फोननंतर डोक्यावरून पाणी घ्यायला गेले आणि छातीवरच्या शाईच्या खुणा आठवल्या. त्या बघूनच किरण लावतात, पुसून चालत नाही. तांब्या खाली ठेवला, पाय तेवढे धुतले.

दुसऱ्या दिवशी लाईटच्या टेबलावर रडू आलं. बाहेरून आवाज आला, "ताई, हलू नका हं." डोळ्यांतलं पाणी कानात गेलं, पण मी हलले नाही.

तू जेवतेस ना? गुरांचं कोण बघतं?

बाबांच्या नावाची माझी आंघोळ राहिली आहे. उपचार संपले की आधी विहिरीवर येईन. पाणी तू घाल.

तुझी,
संजना