आत जाणाऱ्याची सही

५ ऑक्टोबर २००९, सोमवार

फसवलं! माझ्याच बायकोने, माझ्याच मुलाने!

चष्मा शोधत होतो. नलिनीच्या कपाटात, साड्यांच्या खाली, काय सापडावं? माझीच हॉस्पिटलची फाईल! शुक्रवारी माझी अँजिओप्लास्टी. अमोघ म्हणाला होता, "बाबा, अर्ध्या तासाचं काम." गुजराती डॉक्टरांचंही तेच — "काका, आ तो रोजनुं काम छे." म्हणे रोजचंच काम! आणि फाईलमध्ये पानभर धोके! लकव्याचा इतका, रक्तस्रावाचा इतका. खाली संमतीची सही — अमोघची.

गोरव्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. टाकीत उतरणाऱ्याला धोका वाचून दाखवल्याशिवाय, त्याची स्वतःची सही घेतल्याशिवाय आत जायचं परमिट दिलं नाही. मॅनेजर बोंबलले तरी नाही. आता माझ्या हृदयापर्यंत तार घालणार, आणि परमिटवर सही दुसऱ्याची!

६ ऑक्टोबर

नलिनीशी अबोला. तिने पिठलं-भाकरी केली — लाच! खाल्ली. बोललो नाही.

शेवटी तीच म्हणाली, "अहो, सांगितलं असतं तर घाबरला असता तुम्ही."

"मी? मी घाबरलो असतो?"

"नाहीतर काय! साधी सुई टोचायची तर भिंतीकडे तोंड करून बसता."

चाळीस वर्षांच्या संसाराची ही किंमत! अमोघ मध्ये पडला — "आईने मला शपथ घातली होती, बाबा." वा रे पठ्ठ्या! बाप गेला तरी चालेल, शपथ मोडायला नको. घरात परक्यासारखं वाटतंय. फार लागलंय मनाला.

७ ऑक्टोबर

रिक्षा करून अकोटा भागातल्या हॉस्पिटलात डॉक्टरांकडे गेलो. नलिनी मागोमाग आलीच. म्हटलं, कागद समोर ठेवा आणि समजावून सांगा.

माणूस भला. नीट सांगितलं. माझे ठोके बेताल पडतात — एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात त्याला. त्यामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. म्हणजे लकवा. म्हणून तर तीन वर्षं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आता स्टेंट बसला की आणखी दोन गोळ्या. तिन्ही एकदम घेतल्या तर रक्तस्रावाची भीती — अल्सरमधून एकदा झालाच आहे. म्हणून आधी लकव्याच्या धोक्याचे गुण मोजतात. मला रक्तदाबाचा एक. मधुमेह नाही, पंच्याहत्तरी गाठली नाही. एकूण एक.

"एक म्हणजे कमी. जुनी गोळी बंद करू," डॉक्टर म्हणाले. "काका, लकवा आधी एकदा जरी, दहा मिनिटं जरी येऊन गेला असता, तर दोन गुण वाढले असते. मग ती बंद करायची माझी हिंमत झाली नसती."

"छे! तसलं कधीच काही नाही," नलिनीने ठासून सांगितलं.

मी चष्मा पुसत होतो.

८ ऑक्टोबर

जिंकलो! रक्त तपासायला गेलो तेव्हा नवा फॉर्म मागितला. अमोघची सही रद्द, खाली माझी — मराठीत, पूर्ण नाव! नर्स हसली. हसू दे.

संध्याकाळी धनाजीराव आले, कारखान्यातले माझे जुने फोरमन. त्यांना सगळं ऐकवलं — घरच्यांनी मला कसं अंधारात ठेवलं ते. वाटलं, माझ्या बाजूने चार शब्द बोलतील. ते हळूच म्हणाले, "साहेब, ती गोष्ट डॉक्टरांना सांगितलीत ना?"

म्हटलं, "चहा घ्या, गार होतोय."

९ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी सहा

१९९६. कारखान्यातच. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. वीस मिनिटं. मग सगळं पूर्ववत. अनफिट ठरवतील म्हणून धनाजीरावांना शपथ घातली. नलिनीला सांगितलं नाही. घाबरली असती.

फॉर्मवर लिहिलंय — पूर्वी लकवा: नाही. खाली माझी सही.

ती चहा घेऊन आलीय. आधी तिला सांगतो, मग डॉक्टरांना.