गार हातांचं कारण

ती. आत्याबाई,

माझे हातपाय बारा महिने गार असतात, म्हणून तुमच्या लेकानं मला दवाखान्यात नेलं. थायरॉइड ठीक निघाला. हिमोग्लोबिन मात्र आठच भरलं. डॉक्टरीणबाईंनी उपास किती करता विचारलं. मी सांगत गेले, तशा त्या हसल्या. “बाई, मग जेवता कधी?”

बाकीचे सोडले. मंगळवार तेवढा सुटेना. वैष्णवी तान्ही असताना, ती जगावी म्हणून तुम्ही भवानीला माझा मंगळवार बोलला होतात.

आज तोही मोडला. भाकरी खाताना तुमचा फोन आला. “मंगळवार धरलास न्हवं?”

“व्हय, आत्याबाई,” म्हणाले आणि घास गिळला.

मग लगेच पुण्याला वैष्णवीला फोन लावला. ती कॉलेजात, वर्गात होती. “आई, आत्ता कशाला गं?” म्हणून खेकसली.

मला बरं वाटलं.

तुमची सून,
दैवशाला